अंगणात जातं, वृंदावन आणि दिवे: कुठे ठेवायचं, कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याबाहेर बंगल्यापुढे ३० बाय २० फुटांचं अंगण आहे. खाली काळी माती, एका बाजूला कंपाउंडची भिंत, घरात सत्तरीतले आईवडील. गावच्या घरातून आलेलं दगडी जातं, तांब्याचं घंगाळ आणि लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या पडून आहेत. वृंदावन नव्याने बांधायचं आहे. शिवाय नर्सरीतले सिमेंटचे बगळे, बुद्ध, पांढरे गोटे असं काही घ्यावं का, आणि हे सगळं पावसाळ्यात टिकेल कसं?

बगळे तूर्त राहू द्या. तुमच्याकडे जे आहे तेच ६०० चौरस फुटांना पुरून उरेल. शोभेची वस्तू वाईट असते म्हणून अंगण बिघडतं असं क्वचित होतं. वस्तू जास्त होतात, चुकीच्या जागी बसतात आणि खालून खचतात, म्हणून बिघडतं. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा मातीच्या खाली जाऊ द्यावा. वर दिसणाऱ्या वस्तूंवर कमी खर्च झाला तरी चालतो.

आधी नजर ठरवा

अंगण चालत बघितलं जात नाही, बसून बघितलं जातं. ओसरीवरची खुर्ची किंवा झोपाळा, स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोरची खिडकी आणि फाटक अशा साधारण तीन जागांवरून माणसाची नजर अंगणात जाते. प्रत्येक जागेवरून एकच ठळक वस्तू दिसावी. दोन दिसल्या की नजर कुठेच टिकत नाही. तुमच्या अंगणात फाटकातून वृंदावन, ओसरीवरून जात्याचं कारंजं आणि खिडकीतून भिंत, एवढं पुरे.

जागा पक्की करण्याआधी नकली वस्तू ठेवून बघा. विटांची रास किंवा पालथी बादली खऱ्या वस्तूच्या मापाची करून त्यावर गोणपाट टाका आणि आठवडाभर तशीच राहू द्या. सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसल्यावर ती कुठे दिसते, गाडी वळवताना आड येते का, धुणं वाळत घालताना पाय अडखळतो का, हे त्यात कळतं. ओसरी जमिनीपासून दोन फूट उंच असेल तर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण सहा फुटांवर येते. तिथून फूटभर उंचीची वस्तू नीट दिसते, पण तिच्यापुढे कर्दळ किंवा सोनटक्का लावला तर श्रावणात ती पार गडप होते. पुढे दूर्वा, अबोली किंवा नेच्यासारखी बुटकी झाडं आणि उंच झाडं मागे, एवढं पाळलं तरी पुरतं.

रंगाचा विरोध हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. काळा दगड गडद हिरव्या कुंतीच्या झुडपापुढे हरवतो. त्याच्या मागे पिवळसर पानांचा ड्युरांटा किंवा चुन्याची पांढरी भिंत हवी. पांढरं वृंदावन उलट कुंतीपुढेच उठून दिसतं.

काळ्या मातीतला पाया

काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, पावसात फुगते. त्यातही एका बाजूला लॉनचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा ड्राइव्हवे असेल तर एक बाजू फुगते, दुसरी कोरडी राहते आणि वस्तू हळूहळू कलते. दोन पावसाळ्यांत कललेले खांब आणि वृंदावनं दिसतात त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गवंड्याच्या कामात खोट नसते. ‘छोटीशी तर वस्तू आहे’ म्हणून पाया जेमतेम सहा इंच खणलेला असतो.

दोन बाय दोन फुटांच्या चौथऱ्यासाठी अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घ्या. निघालेली काळी माती बाजूला टाका, ती परत भरायची नाही. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा. एकदम सगळा मुरूम ओतून वरून ठोकला तर खालचा भाग पोकळ राहतो आणि पहिल्याच पावसात बसतो. खड्डा १५-१६ घनफुटांचा; मुरूम ठोकल्यावर दबतो, म्हणून सैल मोजला तर त्याहून बराच जास्त, साधारण १९-२० घनफूट लागतो.

त्यावर चार इंच जाडीचा, दोन बाय दोन फुटांचा १:३:६ चा कोबा. त्याला लागेल अर्धं घमेलं सिमेंट (सुमारे आठ किलो), दीड घमेलं वाळू आणि तीन घमेली खडी. पाणी बेतानं, काँक्रीट पातळ झालं की ताकद गेली. सात दिवस ओलं गोणपाट टाकून पाणी मारा आणि मगच वजन ठेवा. कोब्याची वरची पातळी मातीच्या दोन-तीन इंच वर असावी आणि भोवतालची माती उतरती असावी, नाहीतर पाणी पायाशीच मुरत राहतं.

तीन-चार भागांची दगडी दीपमाळ किंवा दिव्याचा खांब घेणार असाल तर भाग नुसते एकमेकांवर ठेवू नका आणि नुसत्या सिमेंटवरही विसंबू नका. प्रत्येक सांध्यात १६ मिलिमीटरचं भोक, वर-खाली तीन-तीन इंच खोल, त्यात १२ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई आणि इपॉक्सी. साधी लोखंडी सळई वापरली तर गंजून फुगते आणि दगडच फोडते. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ काम असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं स्टील घ्या. खारी हवा ३०४ लाही डाग पाडते.

गच्चीवर असंच काही करायचा विचार असेल तर आधी वजन मांडा. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार (आयएस ८७५) धरला जाणारा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला १४ किलोच्या आसपास असतो. काळा पाषाण घनफुटाला ८० किलोच्या वर भरतो. तेव्हा पुढे सांगितलेलं जात्याचं कारंजं गच्चीसाठी नाही.

जात्याचं कारंजं

तुमच्या सामानात सगळ्यात मोलाची वस्तू जातंच आहे. लोक ते वाटेत पायरीसारखं पुरतात. ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच घरांत जात्याला पाय लावणं रुचत नाही हे एक. शिवाय जमिनीत पुरल्यावर त्याची टाकी (दळण्यासाठी छिन्नीनं पाडलेल्या रेघा) मातीनं भरून जाते आणि मग तो नुसता एक गोल दगड उरतो.

१६ इंच व्यासाची, तीन इंच जाडीची एक तळी, म्हणजे जात्याच्या दोन दगडांपैकी एक, सुमारे ३० किलोची भरते. वरच्या तळीला मधोमध दाणे टाकायचं तोंड असतं, ते आरपार असतं. खालच्या तळीतलं आसाचं भोक आरपार असेलच असं नाही. नसेल तर २५ मिलिमीटरच्या डायमंड कोअर बिटनं पाणी सोडत पाडून घ्या. ड्रिलचा हॅमर मोड चालू ठेवलात तर जुना दगड सरळ दुभंगतो. वरची तळी उलटी ठेवा. दळणारी बाजू, म्हणजे टाकीची बाजू, वर येते आणि पाणी त्या रेघारेघांतून पसरत काठापर्यंत जातं. घासून गुळगुळीत झालेलं जातं असेल तर पाथरवटाकडून पुन्हा टाकी लावून घ्या.

खाली पाणी साठवायला २०० लिटरच्या निळ्या पिंपाचा १८ इंच उंचीचा कापलेला बुडाकडचा भाग पुरतो. त्यात शंभर लिटरच्या वर पाणी मावतं. खड्डा पिंपाहून सगळ्या बाजूंनी तीन-चार इंच मोठा, तळाशी चार इंच मुरूम ठोकलेला. पिंप बसवून बाजूची फट क्रश सँडने भरा. पिंपाचा काठ मातीच्या दीड इंच वर ठेवा, नाहीतर पहिल्याच वळवात चिखलाचं पाणी आत उतरतं. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: जुलैत काळ्या मातीत पाणी तुंबतं तेव्हा रिकामं पिंप खालून उचललं जातं आणि वरची सगळी मांडणी वाकडी होते. पावसाळ्यात कारंजं बंद ठेवलंत तरी पिंप भरलेलं असू द्या.

जात्याचं वजन पिंपाच्या काठावर कधीही येऊ द्यायचं नाही. पिंपाच्या तळावर फरशीचा एक तुकडा, त्यावर सिमेंट ब्लॉकचा खांब आणि त्या खांबावर जातं. भोवती अडीच फूट चौकोनी लोखंडी जाळी, २५ बाय ५ मिलिमीटरच्या पट्टीची, दोन पट्ट्यांत दीड इंच अंतर. तिच्या कडा पिंपाबाहेरच्या ठोकलेल्या जमिनीवर टेकल्या पाहिजेत. फॅब्रिकेटरला वेल्डिंगनंतर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्ताचा थर) करून आणायला सांगा. नुसता रेड ऑक्साइड सततच्या तुषारांत फार काळ टिकत नाही. जाळीला एका कोपऱ्यात दहा इंचाचं झाकण हवंच. ते नसेल तर पंप काढण्यासाठी दर वेळी सगळे गोटे उपसावे लागतात, आणि मग पंप साफच होत नाही. जाळीवर बारीक नायलॉन नेट आणि त्यावर नदीतले दीड-दोन इंची गोटे तीन इंच जाडीत. जातं खांबावर असलं तरी नुसत्या गोट्यांचंच साठ-सत्तर किलो वजन जाळीवर येतं, म्हणून जाळीच्या पट्टीत काटकसर नको.

पंप ताशी १००० ते १२०० लिटरचा, उंची दीड मीटर किंवा जास्त लिहिलेला घ्या. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो; दोन-अडीच फूट वर चढवताना पाणी बरंच कमी येतं. दगडावरून पातळ पडद्यासारखं पाणी ओघळायला तेवढंच हवं असतं. पाणी उडायला लागलं तर वाऱ्यानं बाहेर जाईल आणि पिंप रोज भरावं लागेल. पाइपवर एक कॉक बसवा म्हणजे धार बेतता येते. पाइपचं तोंड दगडाच्या पृष्ठभागाच्या थोडं खाली ठेवून भोवतीची फट इपॉक्सी पुटीने बंद करा.

आता सर्वांत नाजूक भाग. जातं दोन-तीन मिलिमीटरनं जरी कललं तरी सगळं पाणी एकाच बाजूनं ओघळतं आणि उरलेला दगड कोरडा राहतो. स्पिरिट लेव्हल दोन दिशांना लावून, खाली स्टीलच्या पातळ पट्ट्या सारून पातळी साधा. जातं हातानं घडवलेलं असल्यामुळे लेव्हल बरोबर दाखवूनही पाणी एकीकडे जाऊ शकतं. अशा वेळी लेव्हलवर न जाता पाण्यावर जा: पंप चालू ठेवून पट्ट्या कमी-जास्त करा.

बोअरचं पाणी असेल तर काही आठवड्यांत काळ्या दगडावर क्षारांचे पांढरे डाग येतील. काळ्या पाषाणावर व्हिनेगर चालतं, ब्रशनं घासून धुऊन टाका, पण त्याआधी पंप बंद करून पाइपचं तोंड झाका. हेच व्हिनेगर किंवा ॲसिड शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवरावर पडलं तर दगड फसफसून पांढुरका होतो, कारण ते सगळे चुनखडीच्या जातीचे. पिंपात पावसाचं पाणी भरता आलं तर हा त्रास निम्म्यावर येतो.

विजेचं म्हणाल तर २३० व्होल्टच्या पंपाला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) याशिवाय हात लावू नका. शक्य असेल तर २४ व्होल्टचा पंप घेऊन अडॅप्टर ओसरीच्या आत ठेवा. केबलचा जोड खड्ड्यात कधीच नको.

आणि डास. एडिस या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचा अंडं ते डास हा प्रवास उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत होतो. वाहत्या पाण्यात ते वाढत नाहीत, पण तुम्ही गावाला गेलात आणि पंप बंद राहिला की पिंप हे त्यांचं घर. निघताना पाणी उपसून टाका. पावसाळा असेल तर न उपसता जाळीखाली डासांची जाळी घट्ट ताणून बांधा. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, कारण अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने जगतात. म्हणून घासणं महत्त्वाचं. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्यालाही हाच नियम: खोली दीड-दोन इंचांहून जास्त नको, तळ खरबरीत हवा, दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि आठवड्यातून एकदा काथ्यानं घासायचं.

वृंदावन

तयार वृंदावनांत तुळस का मरते? कारण तळाला भोक नसतं. सिमेंटचा बंद डबा असतो तो. पावसाळ्यात मुळं कुजतात, आणि घरचे बिचारे आणखी पाणी घालतात.

आतली पोकळी कमीत कमी फूटभर रुंद आणि सव्वा फूट खोल हवी. तळाशी एक इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आत जाळी लावून. त्यावर दोन इंच विटांचा रोडा आणि मग माती: दोन भाग बागेची माती, एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. नुसती काळी माती भरू नका. त्याहून सोपा उपाय म्हणजे पोकळीत बसेल अशी मातीची कुंडी आत ठेवणं. तुळस साधारण दोन-तीन वर्षांत जून होते, तेव्हा कुंडी उचलून दुसरी ठेवता येते आणि बांधकामाला हात लागत नाही. दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर झाड दाट राहतं.

पणतीचा कोनाडा पूर्वेला ठेवा. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, पश्चिमेच्या कोनाड्यात दिवा टिकत नाही आणि पाऊस थेट आत येतो. कोरा दगड तेल पितो आणि तो डाग निघत नाही, म्हणून पणतीखाली छोटी पितळी ताटली असू द्या.

रंगासाठी बाहेरून चुना किंवा सच्छिद्र ॲक्रिलिक रंग. आतून ओलावा येत राहणार, त्यामुळे ऑइल पेंटला फुगे येऊन पापुद्रे सुटतात. नवीन सिमेंट निदान चार आठवडे रंगवू नका. त्यातला क्षार रंग खातो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळते आणि तुळशीच्या लग्नाच्या आत रंग होतो, हे वेळापत्रक चांगलं जमतं. गोव्यातल्या हिंदू घरांपुढची वृंदावनं निळ्या-तांबड्या रंगांत नटलेली असतात. तसा भडकपणा पांढऱ्या भिंतीपुढे फार खुलतो. फक्त मग बाकी अंगणात रंग नकोत.

वाट आणि गोटे

आईवडील सत्तरीतले आहेत, म्हणून फाटकापासून ओसरीपर्यंत सुट्या दगडांची वाट करू नका. सलग, तीन फूट रुंद, रफ शहाबादी किंवा तांदूर फरशीची वाट करा. पॉलिश केलेला कोटा घरात छान, बाहेर पावसात घसरगुंडी. मुरमावर दीड इंच क्रश सँड, त्यावर दीड इंचाहून पातळ नसलेली फरशी, साठ इंचाला एक इंच उतार. शेवाळ धरलं तर बादलीभर पाण्यात ५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ताठ ब्रशनं घासा. ते पाणी झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नका आणि त्यात ॲसिड मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

सुटे दगड फक्त कारंज्यापर्यंत. मध्यापासून मध्यापर्यंत २० ते २२ इंच अंतर ठेवा. पुस्तकात दोन फूट सांगितलेलं असतं, पण साडी नेसून किंवा गुडघे दुखत असताना दोन फुटांचं पाऊल पडत नाही. दगड निदान १६ इंच चौरस आणि लॉनच्या पातळीत.

पांढरे गोटे घेऊ नका. पहिल्या पावसाळ्यात हिरवे पडतात, प्राजक्ताची फुलं त्यावर पडून पिवळे डाग पाडतात, आणि मेमधल्या दुपारी ओसरीवर झळ मारतात. काळी खडी किंवा नदीचे करडे गोटे वर्षभर सारखे दिसतात. दहा चौरस फुटांना दोन इंच जाडीत सुमारे ७० किलो खडी लागते. खाली प्लास्टिक नको, पाणी तुंबतं. न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड घाला. तणही कमी येतं आणि पाणीही मुरतं.

घंगाळ, बरण्या आणि मातीची भांडी

घंगाळ ओसरीच्या कडेला, पावसापासून आत ठेवा आणि पाण्यावर फुलं सोडा. त्यात मासे सोडू नका. विरघळलेलं तांबं माशांना मारतं. उघड्यावर ठेवलंत तर ते काळपटून हिरवट होईल, तेही सुंदर दिसतं, पण एक काय ते ठरवा: चिंचेनं घासून लखलखीत किंवा अजिबात न घासता जुनं. अर्धवट घासलेलं घंगाळ कळकट दिसतं. लॅकर मारून घ्यायच्या फंदात पडू नका, उन्हात तो ठिकठिकाणी सुटतो आणि तिथेच डाग पडतात.

बरण्यांत झाड लावायचं असेल तर तळाला भोक हवं. बरणी ओल्या वाळूत पालथी घालून डायमंड बिटनं, हॅमर बंद, वरून पाण्याची धार, आणि दाब अगदी हलका. भोक संपत येताना सर्वाधिक बरण्या फुटतात, तेव्हा शेवटी हात सैल सोडा. खरं तर मी त्यांत झाड लावणारच नाही. दोन बरण्या दिवळीत किंवा ओसरीच्या कोपऱ्यात एकावर एक न रचता शेजारी शेजारी ठेवल्या तरी पुरे.

मातीची भांडी घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. चांगलं भाजलेलं भांडं खणखणतं, कच्चं किंवा तडा गेलेलं बद्द वाजतं. कच्चं भांडं दोन पावसाळ्यांत पोपडे टाकायला लागतं. भांड्याच्या अंगावर पांढरी पूड फुटली तर ती पाण्यातल्या आणि खतातल्या क्षारांची. कोरड्या ब्रशनं झाडा, वरून रंग फासू नका.

भिंत

खिडकीतून दिसणारी भिंत वारली चित्रांनी सजवावी. मूळ रीत गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढायची. उघड्या भिंतीवर ती पहिल्या सरीत धुऊन जाईल. गेरूच्या रंगाचा बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन दोन हात, आणि वर पांढऱ्या ॲक्रिलिकनं चित्रं. भिंतीतली ओल आधी थांबवा. वरच्या कठड्याला उतार आणि पाणी गळण्यासाठी पुढे आलेली कड नसेल तर कुठलाही रंग टिकणार नाही. विषय शेतीचे, तारप्याच्या नाचाचे घ्या. लग्नाचा देवचौक हा वारल्यांच्या विधीचा भाग आहे, तो सवाशिणी लग्नघरी काढतात. शोभेसाठी घेऊ नये. पालघरकडच्या वारली चित्रकारालाच बोलावता आलं तर उत्तम, फरक लांबूनही दिसतो.

दिवे

कमीच लावा. जातं, वृंदावन, भिंत, एवढ्यांना मिळून पाच-सहा दिवे. ३ ते ५ वॅट, २७०० ते ३००० केल्विन (म्हणजे पिवळसर उजेड), निदान आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याची प्रत). जमिनीत पुरायचे असतील तर आयपी ६७. दिवा समोरून मारला की दगड सपाट दिसतो. तो बाजूनं, फूट-दीड फुटावरून तिरका मारा. मग टाकीची प्रत्येक रेघ सावलीनं उठून दिसते. दिव्याचं तोंड ओसरीकडे नको, नाहीतर बसलेल्या माणसाचे डोळे दिपतात आणि बाकी अंगण काळोखात जातं.

१२ व्होल्टची लाइन लांब नेली तर शेवटचे दिवे मंदावतात. ३० वॅटचा भार २० मीटरवर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनं नेला तर सुमारे १.२ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के, वाटेतच जातात. २.५ ची तार घ्या किंवा थेट २४ व्होल्ट. तार पीव्हीसी पाइपमधून, निदान दीड फूट खोल, आणि कुठून नेली त्याचा कागदावर नकाशा. पुढे कुदळ मारणारा माळी तुम्ही नसता. सौर दिवे हौसेपुरते ठीक. जुलै-ऑगस्टमध्ये नेमके तेच बंद असतात.

विकत घ्यायचंच असेल तर

सिमेंटच्या मूर्तींत बगळ्याचे पाय, हरणाची शिंगं असे बारीक भाग तारेवर बांधलेले असतात. वर जेमतेम अर्धा इंच सिमेंट, त्यामुळे तार गंजते आणि भाग तडकतो. जाड, ठोस आकार घ्या: दोण, कुंड, चौरंग, कासव. फायबरच्या वस्तू हलक्या असतात, वळवाच्या वाऱ्यात उडतात, आणि उन्हानं वरचा थर खडूसारखा सुटतो. प्लास्टर ऑफ पॅरिस बाहेर ठेवूच नका. बुद्ध किंवा गणपती ठेवायचा असेल तर जमिनीपासून उंच चौथऱ्यावर, चपलांच्या आणि नळाच्या जागेपासून दूर ठेवा. कुठलीही वस्तू घ्या, तिच्याखाली पोकळी राहू देऊ नका. पावसाळ्यात विंचू-साप तिथेच येतात.

आणखी एक. गावच्या वेशीवरची वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा), पडक्या देवळातला कोरीव दगड ‘नाहीतरी पडूनच होता’ म्हणून अंगणात आणणारे आहेत. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. त्याची नोंदणी लागते आणि विक्री परवानाधारकच करू शकतो. गावातला दगड गावातच राहू द्या. समुद्रातलं प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, शोभेसाठी घेणंही गुन्हा ठरतो. तुमचं जातं, पाटा, उखळ ही घरगुती वापराची वस्तू, ती खुशाल ठेवा.

कामाचा क्रम

पाये, पिंपाचा खड्डा आणि तारांचे पाइप एप्रिल-मे मध्ये, माती भेगाळलेली असताना. जूनचा पहिला पाऊस पडू द्या आणि पाणी कुठे साचतं ते बघून उतार दुरुस्त करा. झाडं जुलैत लावा. वस्तू बसवणं, रंग आणि दिवे दसऱ्यानंतर. सिमेंटच्या नव्या कुंडाला जुनेपणा हवा असेल तर जूनमध्ये सावलीतल्या बाजूला ताक आणि शेणाचं पातळ मिश्रण लावा. ओल राहिली तर शेवाळ धरतं. पॉलिश ग्रॅनाइटवर हा प्रयोग फुकट जातो.

नंतरची निगा एवढीच: महिन्यातून एकदा पंपाची जाळी, पावसाळ्याआधी वृंदावनाचा पाइप तारेनं मोकळा, दिवाळीआधी चौथऱ्यांवर लेव्हल ठेवून बघणं. लेव्हल सरकली असेल तर वरून सिमेंट थापू नका. आधी त्या बाजूला पाणी कुठून मुरतंय ते शोधा, बहुतेकदा लॉनचा स्प्रिंकलर किंवा ओसरीच्या पन्हाळीचं पाणी सापडतं.